जुने खटले, मोजके पेले: ऐतिहासिक गुन्हेकथनाची संध्याकाळ कशी योजावी

खऱ्या, जुन्या गुन्ह्यांच्या कथा सांगायच्या आणि प्रत्येक कथेबरोबर निगुतीने केलेले एक क्राफ्ट कॉकटेल द्यायचे, असा बेत ठरला की बहुतेक यजमान प्रथम सजावटीकडे वळतात. लालभडक पेय, पेल्यातून निघणारा धूर, कवटीच्या आकाराचा बर्फ, ‘विष’ असे लिहिलेली बाटली. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे: पेल्यात त्या कथेचा काळ उतरावा, गुन्हा उतरू नये. या कथांत मारली गेलेली माणसे खरोखर जगलेली होती, आणि रक्तासारखे दिसणारे पेय हातात आले की ती माणसे मागे सरून तमाशा पुढे येतो. त्याऐवजी त्या दशकात लोक प्रत्यक्ष जे पीत होते ते श्रोत्याच्या ओठाला लागले, तर शे-दीडशे वर्षांचे अंतर एका घोटात कमी होते आणि कथा सांगणाऱ्याचे निम्मे काम आपोआप होते. पुढचे सारे मार्गदर्शन या एका विचारावर उभे आहे.

कथा कोणती घ्यावी

पहिली अट वयाची. घटनेला किमान शंभर वर्षे झालेली असावीत, म्हणजे आरोपी, साक्षीदार आणि मृतांची मुले यांपैकी कोणी हयात असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. दुसरी अट कागदपत्रांची. ज्या गुन्ह्याचा खटला चालला, साक्षी नोंदल्या गेल्या आणि वृत्तपत्रांनी दिवसेंदिवस वार्तांकन केले, तोच घ्यावा. ज्याच्याभोवती केवळ दंतकथा उरल्या आहेत तो सोडून द्यावा. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातील कामकाज आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, आणि त्यात सुमारे १,९७,००० खटले आहेत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे अशीच खुली केली आहेत. एका कथेसाठी निदान दोन स्वतंत्र साधने वाचावीत, कारण वृत्तपत्रांना तेव्हाही खप हवा होता आणि तपशील फुगवण्याची सवय काही आजची नाही.

तिसरी अट या प्रकारच्या संध्याकाळीसाठी खास आहे. ज्या कथेत मद्य हेच हत्यार होते, ती मद्याबरोबर सांगू नये. एडिंबरामध्ये १८२८ साली विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी सोळा जणांचा जीव घेतला आणि त्यांची प्रेते शरीरशास्त्राचे अध्यापक डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली, आणि १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता. कथा विलक्षण आहे, परंतु त्यातील अनेकांना आधी व्हिस्की पाजून बेसावध केले गेले होते. ती ऐकणाऱ्याच्या हातात व्हिस्कीचा पेला देणे मला अशोभनीय वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली विम्याच्या पैशासाठी मायकेल मॅलॉय या माणसाला एका चोरट्या मद्यालयात विषारी द्रव पाजण्याचे प्रयत्न झाले आणि अखेर गॅसने त्याचा जीव घेतला गेला. ती कथा अजून शंभर वर्षांच्या अटीतही बसत नाही, आणि तिलाही हीच अट लागू होते. अशा कथा सांगायच्याच असतील तर वेगळ्या दिवशी, नुसत्या पाण्यावर सांगाव्यात.

सांगण्याची तयारी

एका कथेला वीस मिनिटे पुरेशी आहेत. शांत लयीत, थांबे घेत मराठीत बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द होतात, त्यामुळे संहिता दोन हजार शब्दांच्या आसपास लिहावी आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. पाठ करण्याची आवश्यकता नाही. परंतु पहिली दोन वाक्ये, शेवटची दोन वाक्ये आणि सर्व तारखा तोंडी असाव्यात.

आरंभ प्रेतापासून करू नये. मेलेल्या व्यक्तीच्या जिवंतपणापासून करावा: ती काय काम करीत होती, तिच्याकडे कोण येत-जात असे, तिला कशाची हौस होती. श्रोत्यांना ती व्यक्ती पाच मिनिटे ओळखीची झाली की पुढचा आघात सांगण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. जखमांचे वर्णन न्यायालयात जेवढे निर्णायक ठरले तेवढेच ठेवावे.

संहितेतील प्रत्येक विधान सिद्ध झालेले आहे, आरोपाचे आहे की अफवेचे, हे मी समासात तीन वेगळ्या रंगांनी खुणावतो, आणि सांगतानाही ‘न्यायालयाने मानले’, ‘फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते’, ‘गावात बोलले जाई’ असे शब्द गाळत नाही. यामुळे रहस्य सौम्य होईल अशी भीती अनाठायी आहे, कारण श्रोते स्वतः तोलू लागतात आणि अधिक लक्षपूर्वक ऐकतात. जो निर्दोष सुटला त्याला निर्दोष म्हणावे, मग आपला संशय काहीही असो. संवाद रचू नयेत. नोंदीत असलेले शब्दच अवतरण म्हणून म्हणावेत.

एका संध्याकाळी कथा संपल्यावर एका श्रोतीने मला मृतांपैकी एका स्त्रीचे नाव विचारले आणि मला ते सांगता आले नाही. खुन्याच्या वकिलाचे नाव मात्र मला पाठ होते. तेव्हापासून प्रत्येक कथेच्या संहितेवर सर्वांत वर मृतांची नावे लिहिलेली असतात.

तीन कथा, तीन पेले

नमुन्यादाखल एक पूर्ण बेत देतो. खाली दिलेली मापे दहा जणांसाठी आहेत.

पहिली कथा फ्रान्समधील लाफार्ज प्रकरणाची. मारी कापेल हिचा विवाह १८३९ मध्ये शार्ल लाफार्ज या लोखंडाच्या कारखानदाराशी झाला. तो श्रीमंत असल्याचे तिला सांगितले गेले होते. कोरेझ भागातील त्याचे घर प्रत्यक्षात पडके निघाले. जानेवारी १८४० मध्ये शार्ल पोटाच्या विकाराने मरण पावला. उंदरांसाठी आणलेले आर्सेनिक, पॅरिसला त्याच्यासाठी पाठवलेला केक आणि आजारपणात दिलेल्या दूध-अंड्याच्या पेयात मिसळताना दिसलेली पांढरी पूड यांवरून संशय मारीवर गेला. कथेचा कणा आहे तो रसायनशास्त्राचा. जेम्स मार्श याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत जस्त आणि आम्ल यांच्यापासून हायड्रोजन तयार होतो, नमुन्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू बनतो आणि तो तापवला की काचेवर काळसर, चकाकता थर बसतो. तुल येथील खटल्यात निरनिराळ्या तज्ज्ञांच्या निष्कर्षांत मेळ बसेना, म्हणून पॅरिसहून विषतज्ज्ञ मातेऊ ओर्फिला यांना बोलावले गेले. त्यांना मृतदेहाच्या अंशांत आर्सेनिक सापडले आणि सप्टेंबर १८४० मध्ये मारीला जन्मठेप झाली. बचाव पक्षाने बोलावलेले रसायनतज्ज्ञ रास्पाय पोहोचले तेव्हा निकाल लागून गेला होता. हे उशिरा पोहोचणे मी कथेच्या अगदी शेवटी ठेवतो, आणि तेथे किंचित थांबतो. मारीची १८५२ मध्ये सुटका झाली आणि त्याच वर्षी ती मरण पावली.

या कथेला ब्रँडीचा पंच द्यावा, कारण १८३० च्या दशकात पॅरिसच्या तरुण साहित्यिक मंडळींत पंच अतिशय लोकप्रिय होता. दूध-अंड्याचे पेय देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण आरोप त्याच पेयाचा होता. पंच हा शब्द मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या ‘पाच’ घटकांवरून आला अशी एक जुनी व्युत्पत्ती सांगतात. ती निर्विवाद नसली तरी प्रमाण लक्षात ठेवायला उपयोगी आहे. चार लिंबांच्या सालीचा केवळ पिवळा भाग पातळ सोलून १५० ग्रॅम साखरेत चांगला चुरावा आणि निदान दोन तास झाकून ठेवावा. सालीतील तेल साखरेत उतरते, आणि पंचाचा सारा सुगंध त्यातच असतो. यात ७५० मिलिलिटर गरम, फार कडक नसलेला काळा चहा ओतून साखर विरघळवावी, गाळून थंड करावा, मग १५० मिलिलिटर लिंबाचा रस आणि ३०० मिलिलिटर ब्रँडी घालावी. आदल्या रात्री वाटीत गोठवलेला बर्फाचा एक मोठा गोळा पंचपात्रात सोडावा. तेवढ्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी असल्याने तो सावकाश वितळतो. वर जायफळ किसावे. पाहुणे येत असतानाच हा पंच वाढता येतो आणि पहिल्या कथेला यजमानाचे हात मोकळे राहतात.

दुसरी कथा डॉ. क्रिपेन याची. हिच्यात श्रोत्यांना जे ठाऊक असते ते जहाजावरील फरारी जोडप्याला ठाऊक नसते, आणि केवळ या एका गोष्टीवर वीस मिनिटे सहज पेलली जातात. लंडनमध्ये १९१० साली त्याची पत्नी कोरा क्रिपेन नाहीशी झाली. ती बेल एल्मोर या नावाने रंगमंचावर गात असे, आणि तिच्या नवऱ्याच्या खुलाशावर विश्वास न ठेवता पोलिसांकडे गेल्या त्या रंगभूमीवरील तिच्या मैत्रिणी. म्हणून ही कथा मी इन्स्पेक्टर वॉल्टर ड्यू यांच्यापासून नव्हे, या मैत्रिणींपासून सुरू करतो. घराच्या तळघरात मानवी अवशेष सापडले, तोवर क्रिपेन आणि त्याची प्रेयसी एथेल ली नीव्ह लंडनमधून पसार झाले होते, आणि आठवड्याभरात ती मुलाच्या वेशात त्याच्यासह अँटवर्पहून ‘माँट्रोज’ जहाजाने कॅनडाकडे निघाली. कप्तान हेन्री केंडल यांनी त्यांना ओळखले आणि २२ जुलैला बिनतारी संदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी ड्यू लिव्हरपूलहून अधिक वेगवान ‘लॉरेंटिक’ने निघाले. वृत्तपत्रांचे वाचक नकाशावर दोन जहाजांमधील अंतर मोजत होते आणि क्रिपेन डेकवर फेऱ्या मारत होता. ३१ जुलैला पायलटच्या, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक नाविकाच्या, वेशात ड्यू जहाजावर चढले. क्रिपेनला २३ नोव्हेंबर १९१० रोजी फाशी झाली. ली नीव्ह निर्दोष सुटली. २००७ मध्ये काही संशोधकांनी डीएनए तपासणीच्या आधारे ते अवशेष कोराचे नव्हतेच असा दावा केला आणि तो वादग्रस्त ठरला. हेही सांगावे, परंतु कोराच्या नावाशी परत येऊनच थांबावे, कारण ती स्त्री त्यानंतर कधीच सापडली नाही.

त्या काळी ड्राय मार्टिनी स्थिरावत होती, आणि तिच्यात आजच्यापेक्षा व्हर्मूथचे, म्हणजे वनस्पतींनी सुगंधित केलेल्या वाइनचे, प्रमाण बरेच अधिक असे. ३०० मिलिलिटर जिन, १५० मिलिलिटर ड्राय व्हर्मूथ, १०० मिलिलिटर पाणी आणि संत्र्याच्या बिटर्सचे (कडू मद्यार्काचे) दहा थेंब एका स्वच्छ बाटलीत एकत्र करावेत. पाणी विसरू नये. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये कॉकटेलची व्याख्या मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स अशी केली होती, आणि त्यातले पाणी आज बर्फातून नकळत येते म्हणून लोक त्याला घटक मानत नाहीत. बाटलीत आधीच मिसळलेल्या पेयाला बर्फाचा स्पर्श होणार नसेल, तर ते पाणी मोजून घालावे लागते, अन्यथा पेय जळजळीत लागते. बाटली वाढण्याआधी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावी. रात्रभर ठेवल्यास या प्रमाणात बर्फाचे कण धरू लागतात. प्रत्येकाला ५५ मिलिलिटर, गारठवलेल्या लहान पेल्यात, वर लिंबाची साल पिळून. पेला लहान वाटला तरी प्रमाण वाढवू नये.

तिसरी कथा सर्वांत जड आहे, म्हणून ती शेवटी, आणि तिचा पेला कथा संपल्यावर. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातील कोम्युनी गावात २८ ऑगस्ट १९०५ रोजी झाँ लांफ्रे या मजुराने आपली गर्भवती पत्नी आणि दोन लहान मुली यांना गोळ्या घालून ठार केले. त्या दिवशी तो भरमसाट वाइन आणि इतरही मद्ये प्यायला होता. त्यात अब्सँथचे, म्हणजे बडीशेपेच्या वासाच्या कडक हिरवट मद्याचे, पेले होते अवघे दोन. तरीही लोकक्षोभ अब्सँथवर केंद्रित झाला. १९०८ च्या सार्वमतात स्विस मतदारांनी तिच्या बंदीचा कौल दिला, १९१० मध्ये बंदी अमलात आली, फ्रान्सने १९१५ मध्ये तिचे अनुकरण केले, आणि स्वित्झर्लंडमध्ये ही बंदी थेट २००५ मध्ये उठली. त्या काळातील सीलबंद बाटल्यांचे आधुनिक पृथक्करण झाले तेव्हा भ्रम निर्माण करण्याइतके थुजोन (अब्सँथमधील वनस्पतीतून येणारे रसायन) त्यांत आढळले नाही. या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा, की एका माणसाच्या कृत्याचे उत्तर समाजाने एका बाटलीत का शोधले. कथा संपवून दिव्यांचा उजेड वाढवावा, दोन मिनिटे शांतता राहू द्यावी, मगच पेले मांडावेत.

प्रत्येक पेल्यात २० मिलिलिटर अब्सँथ घ्यावी, पेल्यावर छिद्रांचा चमचा आडवा ठेवून त्यावर साखरेचा खडा ठेवावा आणि १०० मिलिलिटर बर्फगार पाणी थेंबाथेंबाने सोडावे. बडीशेपेच्या जातीच्या वनस्पतींतील अ‍ॅनेथोल हे तेल मद्यात विरघळते, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हिरवट द्रव पाहता पाहता दुधाळ होतो. पाणी घाईने ओतल्यास हा बदल नीट दिसत नाही. हे पाहत असताना लोक हळू आवाजात बोलू लागतात आणि कथेवरची चर्चा सुरू करून देण्याची आवश्यकता राहत नाही. अब्सँथ न मिळाल्यास पास्तिस हे त्याच वासाचे फ्रेंच मद्य चालेल, तेही असेच ढगाळते.

मद्य न घेणाऱ्यांसाठी, आणि घेणाऱ्यांसाठीही

बिनमद्याचा पेला त्याच घडणीच्या काचेत, त्याच वेळी आणि तेवढ्याच काळजीने द्यावा. पंचातून ब्रँडी वगळून चहा थोडा कडक करावा. मार्टिनीच्या जागी जुनिपरची फळे आणि लिंबाची साल पाण्यात उकळून, गाळून, गारठवून द्यावी. अब्सँथऐवजी चक्रीफुलाचा गोडसर काढा थंड करून. तो ढगाळणार नाही, पण वास तोच दरवळतो.

वरील तीन पेल्यांतून प्रत्येकाच्या पोटात मिळून सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निचरू शकते, म्हणजे तीन तासांची संध्याकाळ संपली तरी काही भाग रक्तात शिल्लक असतो. त्यामुळे चौथा पेला या बेतात नाही. प्रत्येक आसनापाशी पाणी ठेवावे, परतीच्या वाहनाची सोय आमंत्रणातच विचारून घ्यावी आणि मद्य कायद्याने ठरवलेल्या वयाच्या पाहुण्यांनाच वाढावे. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर मद्यपरवान्याची चौकशी सर्वांत आधी करावी. खाण्यासाठी काही कोरडे आणि खारट ठेवावे, मात्र चावताना कुरकुर न वाजणारे.

प्रत्यक्ष संध्याकाळी

बारा-पंधरा माणसांपेक्षा अधिक मंडळी जमवू नयेत. सांगणाऱ्याचा साधा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला पाहिजे. उजेड मंद ठेवावा, पण इतकाही नाही की सांगणाऱ्याचा चेहरा दिसणार नाही. आमंत्रणातच कथांचे विषय एका ओळीत लिहावेत, विशेषतः तिसऱ्या कथेत मुलांचा मृत्यू आहे हे, म्हणजे ज्याला ते ऐकायचे नाही तो आधीच ठरवू शकेल आणि कोणाला मध्येच उठून जाण्याचा संकोच होणार नाही.

कथा चालू असताना बर्फ फोडणे, शेकर हलवणे, पेले भरणे यांपैकी काहीही होऊ नये. शक्य असल्यास सांगणारा आणि पेये वाढणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. एकट्यानेच सारे करायचे असल्यास वरचा बेत त्याच हेतूने रचलेला आहे: पंच आधीच पात्रात, मार्टिनी बाटलीत, आणि अब्सँथ कथेनंतर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायची. दोन कथांमध्ये वीस मिनिटांचा अवकाश ठेवावा. त्या अवकाशात खटल्यातील एखाद्या पानाची किंवा वृत्तपत्राच्या कात्रणाची मोठ्या अक्षरातील प्रत टेबलावर मांडून ठेवली, तर लोक ती वाचतात आणि सांगणाऱ्याने न सांगितलेले काहीतरी त्यांना सापडते. गेल्या वेळी एका पाहुण्याने ‘माँट्रोज’चा मार्ग काढलेला नकाशा हातात घेऊन दोन जहाजांच्या वेगाचे गणित मांडायला सुरुवात केली होती, आणि ते सुटेपर्यंत सगळ्यांनीच तिसरी कथा दहा मिनिटे पुढे ढकलली.